तेरावा फर्मा

आमच्या छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम दोघांनी मिळून करण्याची पद्धत होती. एकाच्या हाती लेखकाची मूळ प्रत, दुसऱ्याच्या हाती नुकताच छापून आलेला कच्चा कागद. पहिल्याने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने ऐकता ऐकता कागदावरच्या चुका धरायच्या. चुका धरण्याचे काम मावशींकडे होते. त्यांना मावशी म्हणावे असे खरे नाते कोणाचेच नव्हते. सख्खा भाचा एकच, आणि तो त्यांना आत्या म्हणे. पण मालक सोडले तर सगळा छापखाना त्यांना मावशीच म्हणत असे; पाठीमागे ‘लाल शाई’. मूळ प्रत वाचणारा मी. मला मात्र तोंडावरच ‘वाच्या’ म्हणत.

वाचायचे म्हणजे नुसते शब्द नव्हेत. विरामचिन्हांसकट सगळे उच्चारायचे. ‘तो उठला स्वल्प दाराशी गेला स्वल्प आणि म्हणाला स्वल्प अवतरण सुरू मी येतो पूर्ण अवतरण बंद’. असे दिवसाचे सात तास. आवाजात चढउतार येऊ द्यायचा नाही. मी गावातल्या शाळेत वक्तृत्वाची बक्षिसे मिळवलेला, पुढे कॉलेजात साहित्य विषय घेऊन पदवीधर झालेला. पहिल्याच आठवड्यात एका कादंबरीत मरणाचा प्रसंग आला, तेव्हा मी आवाज जड केला. मावशींनी लाल पेन खाली ठेवले.

“कोण गेलं?”

“नायिकेचा भाऊ.”

“तुझा नाही ना? मग सरळ वाच. गोष्ट आवडली की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते. रडायचंच असेल तर जेवणाच्या सुट्टीत रड.”

आमची खोली जिन्याखाली होती. पलीकडे यंत्र सुरू झाले की टेबलावरच्या कपातला चहा थरथरत असे. एक खिडकी होती, ती कागदाच्या गोदामात उघडत होती, म्हणजे उजेडाच्या दृष्टीने नसल्यासारखीच. डोक्यावर एक दिवा, भिंतीवर शुद्धलेखनाचा पिवळा पडलेला तक्ता. त्या तक्त्यातही एक चूक आहे असे मावशी सांगत. ती कोणती, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. “सापडली की कळव,” एवढेच म्हणत. सहा वर्षांत मला ती सापडली नाही.

पुस्तक पुरे होत आले की लेखकाला बोलावले जाई. अखेरच्या कागदावर ‘छापण्यास हरकत नाही’ असे लिहून त्याने सही करायची. सही झाली की मावशी कागद आपल्याकडे ओढून घेत आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारीत.

“हे का लिहिलंत?”

प्रश्नात खोच नसे. दुकानात आपण विचारतो तशा साध्या सुरात त्या विचारीत. लेखक मात्र गडबडून जात. आयुष्यभर पूल बांधलेल्या एका निवृत्त इंजिनिअरने बराच विचार करून सांगितले, “पुलावरून जाणारा माणूस पुलाकडे बघत नाही, बाई. म्हटलं, निदान पुस्तकाकडे बघेल.” एक कवी म्हणाले, घरी बायको ऐकून घेत नाही. मावशींनी पहिले पान उलटून दाखवले. “अर्पण मात्र त्यांनाच केलंय. म्हणजे आता सुटका नाही त्यांची.” कवी हसले, मावशी हसल्या नाहीत.

एकदा एक बाई आल्या होत्या. त्यांचे पुस्तक लहान होते, शंभर पानांचे, गेलेल्या मुलाविषयी. प्रश्न ऐकून त्यांनी पेनाचे टोपण लावले. मग म्हणाल्या, “घरात त्याचं नाव कोणी काढत नाही. मला वाईट वाटेल म्हणून. म्हटलं, छापलं तर काढावं लागेल.”

बाई गेल्यावर मावशींनी सगळे कागद पुन्हा पसरले आणि पानोपानी केवळ त्या मुलाचे नाव तपासले. एकशे बारा वेळा ते आले होते. एकदाही चुकलेले नव्हते.

मावशी स्वतः घरी काय वाचतात, हे मी एकदा विचारले होते.

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“दिवसभर वाचतेच की.”

“ते काय वाचणं झालं?”

“तेच म्हणते मी,” त्या म्हणाल्या आणि पुढचा कागद ओढला.

त्याचा उलगडा मला त्यांच्या घरी झाला. त्या दोन दिवस तापाने आल्या नव्हत्या आणि मालकांनी काही तातडीचे कागद माझ्याबरोबर पाठवले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मागच्या बाजूला धुलाईचे दुकान असल्यामुळे खिडकीतून साबणाच्या वाफेचा वास येत होता. खिडकीशी उंच पाठीची खुर्ची होती, तिच्या हातांवर कापड झिजून दोरे दिसत होते. ती त्यांच्या वडिलांची. मावशी तरुणपणी दुसऱ्या शहरात एका शाळेत शिकवत होत्या. वडील अंथरुणाला खिळले म्हणून महिन्याभराची रजा काढून त्या आल्या, आणि वडील एकोणीस वर्षे जगले. हे त्यांनी मला खुर्चीवरची उशी झटकता झटकता सांगितले, एखाद्या वस्तूची किंमत सांगावी तसे.

भिंतीला एक फळी होती. तिच्यावर तपकिरी कागदात गुंडाळलेली पुस्तके ओळीने उभी होती.

“ही?”

“एक्केचाळीस आहेत. निवृत्तीनंतर वाचायची.”

“आतापर्यंत एकही नाही?”

त्यांनी चहाचे आधण ठेवले आणि पाठ माझ्याकडे असतानाच बोलू लागल्या. “पंधरा वर्षांची होते तेव्हा मी जिन्यात बसून वाचायची. जेवायला हाक मारली तर ऐकू यायची नाही. आई म्हणायची, हिला कोणी पुस्तकासकट उचलून नेलं तर हिला पत्ता लागायचा नाही. मग या नोकरीत आले. तीन महिन्यांनी एक पुस्तक घरी आणलं, वाचायला बसले, आणि पान संपलं तेव्हा चार चुका कळल्या होत्या आणि गोष्ट कळली नव्हती. तेव्हाच ठरवलं, नोकरी आहे तोवर आवडीचं पुस्तक उघडायचं नाही. सवय गेली की उघडायचं. चांगलं पुस्तक दिसलं की आणते, आणि ठेवते.”

“आणि सवय गेली नाही तर?”

“तू चहात साखर किती घेतोस?”

फळीच्या डाव्या टोकाचे पुस्तक सगळ्यांत जुने. त्यावरचा कागद दोनदा बदललेला होता. तेवढ्या एकाची त्यांनी मला गोष्ट सांगितली, म्हणजे जेवढी ठाऊक होती तेवढी. एक मुलगी वडिलांशी भांडून घर सोडते आणि दूरच्या गावी तारघरात नोकरीला लागते. पंधराव्या वर्षी मावशींनी ते निम्मे वाचले होते. परीक्षा तोंडावर आली म्हणून वडिलांनी ते हातातून काढून घेतले आणि वाचनालयात परत केले. पुढे छापखान्यात लागल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी ते विकत आणले. “ती घरी परत जाते की नाही, तेवढं बघायचंय,” त्या म्हणाल्या. चौतीस वर्षे ते पुस्तक हाताच्या अंतरावर होते.

निवृत्तीला अकरा महिने उरले असताना मावशींच्या हातून एक चूक सुटली. मग आणखी दोन. छापखान्यात ही बातमी यंत्र बंद पडल्यासारखी पसरली. बांधणी करणारे मिस्त्री मला म्हणाले, “लाल शाई सुकली की काय रे?” मला माहीत होते. काही दिवसांपासून त्या कागद तिरका धरीत होत्या आणि मला एकेक ओळ दोनदा वाचायला लावत होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी त्यांच्याबरोबर गेलो. बाहेर आल्यावर त्या पायरीवर उभ्या राहिल्या.

“मधला भाग जातो, कडा राहतात म्हणाले. मला हे आधीच कळलं होतं. शब्दाकडे बघितलं की शब्द जातो, शेजारचा दिसतो.”

“उपाय?”

“नाही. वर्षभर पुरतील, कदाचित कमीच. वापरले काय, न वापरले काय, सारखंच.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांपुढे राजीनामा ठेवला. मालक मनाने वाईट नव्हते. “बाई, अकरा महिनेच तर राहिलेत. कसंबसं निभावून नेऊ.”

“कसंबसं तपासलेलं पुस्तक तुम्हाला छापायचं असेल तर त्याला मी कशाला हवी? आणि मला घरी काम आहे.”

ते काम कोणते, हे फक्त मला ठाऊक होते.

महिन्याभराने एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. त्या खिडकीशी वडिलांच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पुस्तक, हातात भिंग आणि पेन्सिल. फळीवरच्या एका पुस्तकाचा कागद सोडलेला होता. मी पान पाहिले. समासात ठिकठिकाणी दुरुस्तीच्या खुणा होत्या. काही ओळीपासून घसरून भलत्याच शब्दासमोर पडलेल्या.

“बावन्न पानं झाली,” त्या म्हणाल्या. “एकशे सात चुका.”

“आणि गोष्ट?”

“गोष्ट...” त्यांनी पुस्तक मिटून त्यावर भिंग ठेवले. “कोणीतरी कोणाला तरी शोधतंय.”

त्या क्षणी मी काही बोलायला हवे होते. मला सुचले ते एवढेच, की मी वाचून दाखवतो. कानाला चुका दिसत नाहीत. त्यांनी मान हलवली. मी पुस्तक घेतले, घसा साफ केला आणि सुरुवात केली.

“सकाळ झाली होती स्वल्प पण दिवे स्वल्प—”

मावशी हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसे हसताना पाहिले नव्हते. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. “अरे, माणसासारखं वाच. घरात वाचतात तसं.”

ते मला जमेना. सहा वर्षांत माझीही सवय गेली होती. ‘स्वल्प’ म्हणणे सुटले तरी आवाज सरळ रेषेत जाई. त्या मधेच म्हणत, “तो रागावलाय ना? मग तू का झोपलायस?” मी रागावून पाही, तर तो राग शाळेतल्या वक्तृत्वाचा निघे. “एवढा नको. शेजारचे येतील.” असे करीत करीत दर रविवारी, पुढे बुधवारी संध्याकाळीही, मी जाऊ लागलो. आम्ही वाचायला शिकलो, असे मला म्हणता येणार नाही. काही दिवस त्या गप्प बसत आणि मला समजे, की त्यांचे लक्ष शब्दांवर नाही, फळीवर आहे. उरलेली पुस्तके त्या मनात मोजत होत्या.

पण एकदा घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका विक्षिप्त माणसाची गोष्ट वाचत असताना जळका वास आला. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन पातेले करपले होते. दोघांनाही कळले नव्हते. मी धावत जाऊन शेगडी बंद केली. मावशी दारात उभ्या राहून त्या काळ्या पातेल्याच्या दिशेने पाहत होत्या. त्यांना ते कितपत दिसत होते कोण जाणे.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “चौतीस वर्षांत एकदाही उतू गेलं नव्हतं.” आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसत म्हणाल्या, “हं. तो घड्याळाच्या आत काय बघतो?”

पाच महिन्यांत आठ पुस्तके झाली. त्यानंतर एके दिवशी त्या जिन्यात पडल्या. हाड मोडले नाही, पण भाच्याने येऊन सगळे ठरवून टाकले. तो भला माणूस होता. आत्याला आपल्या शहरात नेणार होता. तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारची तिकिटे काढली होती. माझ्याकडे तीन आठवडे होते. मी गेलो तेव्हा मावशींनी फळी चाचपत डावे टोक गाठले आणि ते पुस्तक काढून माझ्या हाती दिले.

“आता हे.”

कागदाचे दोन्ही पदर सोडताना माझे हात सावकाश चालले होते, हे मला आठवते. आतले पुठ्ठे नव्यासारखे होते. पहिल्या दोन रविवारी आम्ही शंभराच्या पुढे गेलो. जिथवर त्यांनी पंधराव्या वर्षी वाचले होते ती जागा आली तेव्हा त्यांनी हात वर केला. “इथंच. इथं वडील आले होते.” मग हात खाली घेतला. “चल.”

पुढचे मी फार सावधपणे वाचले. ती मुलगी तारघरात नाव कमावते. वर्षे जातात. वडिलांची पत्रे येतात, ती फोडत नाही. तिसऱ्या रविवारी, म्हणजे मावशींच्या जाण्याला दोन दिवस उरले असताना, मी दोनशे आठव्या पानाच्या तळाशी आलो. यंत्र खडखडू लागते, ती नेहमीप्रमाणे टिपून घेते, आणि घेता घेता तिच्या लक्षात येते की ही तार तिच्याच नावाची आहे. वडील अंथरुणाला खिळले आहेत, ताबडतोब ये. स्वतःची तार तिने स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली. पान संपले.

मी नजर उजवीकडे नेली. पुढच्या पानावर आकडा होता एकशे त्र्याण्णव.

पुस्तक सोळा सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी बांधतात. एका गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. या प्रतीत तेरावा फर्मा दोनदा बांधला गेला होता, आणि चौदावा, शेवटचा, नव्हताच. त्यानंतर सरळ पुठ्ठा. असे हजारात एखाद्या प्रतीचे होते. दुकानात परत नेली की लगेच बदलून देतात. मात्र ती आठ दिवसांत उघडून पाहावी लागते.

पुस्तक छापायचे थांबून कित्येक वर्षे झाली होती. मंगळवार परवावर आला होता. मावशी खुर्चीत पुढे झुकून बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर.

“हं?” त्या म्हणाल्या.

आमच्या धंद्यात वाचणाऱ्याला एकच गोष्ट वर्ज्य आहे. जे प्रतीत नाही ते वाचायचे नाही. मी तो गुन्हा केला. एकशे त्र्याण्णवाव्या पानावर नजर ठेवून मी त्या मुलीला उठवले, रजेचा अर्ज लिहायला लावला, गाडीत बसवले. खिडकीतून तिला ओळखीची शेते दिसू लागली. ती रडली. मी गावाहून आलेला माणूस आहे. वडिलांना भेटून मला त्या वेळी दोन वर्षे झाली होती. ती मुलगी कोणत्या वाटेने घरी चालत गेली, विहीर कोणत्या हाताला लागली, हे सांगायला मला विचार करावा लागला नाही. वडील दारात उभे होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी थांबलो.

खोलीत धुलाईच्या दुकानातला पाण्याचा आवाज येत होता.

“किती पानं नाहीत?” मावशींनी विचारले.

मी पुस्तकातून मान वर केली.

“अरे, पान उलटल्याचा आवाज आला नाही. अर्धा तास एकाच पानावर वाचतोयस.”

“सोळा. तेरावा फर्मा दोनदा आहे. चौदावा नाही.”

“बांधणीची चूक.”

“हो.”

त्यांनी हात पुढे केला. मी पुस्तक दिले. त्यांनी बोटाने पाठीकडचे गठ्ठे मोजले. दिसत नव्हते तरी मोजणी अचूक होती. चौदा भरले. त्यांनी पुन्हा मोजले.

“एकदा उघडून बघितलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर त्याच आठवड्यात बदलून मिळालं असतं.”

मग त्यांनी पुस्तक माझ्याकडे परत दिले आणि पाठ ताठ केली, जिन्याखालच्या खोलीत करीत असत तशी.

“दुरुस्त्या लिहून घे.”

“कसल्या?”

“तू वाचलंस त्याच्या. पेन आहे का?”

मी पेन काढले.

“पहिली. गाडीत ती रडते, ते काढ. एवढी वर्षं दुसऱ्यांची मरणं टिपून घेणारी बाई गाडीत रडणार नाही. दुसरी. अंथरुणाला खिळलेला माणूस दारात उभा कसा राहील? लिहिताना भान ठेवावं. तिसरी.” त्या थांबल्या. “ती परत जात नाही.”

“मावशी, वडील मरणाच्या दारात आहेत.”

“आहेत. तरी नाही जात. तार घडी करून ठेवते आणि खिडकीत जो माणूस उभा आहे त्याची तार घेते. त्याला घाई आहे.”

“वाचकाला ती निष्ठुर वाटेल.”

“वाटू दे. जी जाते तिचं पुढं काय होतं, ते मला विचार.”

वडिलांच्या खुर्चीच्या झिजलेल्या हातांवर त्यांची बोटे होती. मी लिहून घेतले. मग त्यांनी खिडकीतला माणूस कसा आहे ते सांगितले, त्याच्या हातातल्या पिशवीबद्दल सांगितले, तारघरातला दिवा, तिच्या पायाशी गुंडाळून पडलेली कागदाची फीत. दोन तास त्या बोलत होत्या. चौतीस वर्षे इतरांची वाक्ये सरळ केलेल्या बाईंची ती स्वतःची वाक्ये होती, आणि मधेच त्या स्वतःच ती खोडीत होत्या. “हे नको. फार सुंदर झालं. साधं लिही.” संध्याकाळी शेवटचे वाक्य झाले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता असे मी म्हणणार नाही. त्या दमल्या होत्या.

“एक विचारायचं राहिलं,” त्या म्हणाल्या. “तू का लिहिलंस? आधीचं, तुझं.”

विहिरीची वाट माझ्या मनात येऊन गेली. पण मी म्हणालो, “पानं नव्हती म्हणून.”

त्यांनी मान तिरकी केली. तसे केले की त्यांना समोरच्या माणसाचा चेहरा थोडासा दिसे.

“हे उत्तर आजवर कोणी दिलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पुरतं खरं नाही, पण नवीन आहे.”

मंगळवारी मी गाडीवर गेलो. फळीवरची वाचलेली-न वाचलेली सगळी पुस्तके त्यांनी मला देऊ केली होती. “ने. पण आजच उघड आणि फर्मे मोजून घे,” एवढेच त्यांचे सांगणे होते. मी त्या दिवशीच मोजले. बाकीची चाळीस निर्दोष होती.

त्यांच्या भाच्याच्या बायकोची दोन पत्रे आली. पहिल्यात लिहिले होते, की आत्या ठीक आहेत, वाचून दाखवू का असे विचारले तर नको म्हणतात. दुसरे पत्र पुढच्या थंडीत आले. ते चार ओळींचे होते. मी ते दोनदा वाचले आणि माझ्या लक्षात आले, की दुसऱ्या ओळीत एक अक्षर राहून गेले आहे. त्या ओळीतला मजकूर मनात शिरायला त्यानंतर थोडा वेळ लागला.

त्या रविवारचे कागद मी स्वच्छ लिहून काढले. बरोबर सोळा पाने भरली. तसे भरावे म्हणून मी अक्षर थोडे लहानमोठे केले. छापखान्यातल्या मिस्त्रींनी जास्तीचा तेरावा फर्मा उसवून काढला आणि त्या जागी ती पाने बांधून दिली. “कोणाचं आहे?” त्यांनी विचारले. मी मावशींचे म्हणालो. त्यांनी शिलाई दुहेरी घातली.

हे होऊन पुष्कळ वर्षे झाली. मध्यंतरी मीही काही पुस्तके लिहिली. गेल्या महिन्यात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात ढिगाच्या तळाशी मला तोच पुठ्ठा दिसला. प्रत पूर्ण होती. मी उभ्याउभ्याच दोनशे नववे पान उघडले. मुलगी रजेचा अर्ज लिहिते, गाडीत बसते. गाडीत ती रडते. वडील खाटेवर असतात, ते उठून बसतात. ती त्यांच्या पायाशी बसते आणि तिथेच राहते, असे सांगून लेखकाने सुखाने पुस्तक संपवले होते. छपाईत चूक कुठेच नव्हती.

माझ्या हातात पेन कसे आले ते मला सांगता येणार नाही. शेवटच्या परिच्छेदासमोर, समासात, वगळण्याची खूण झालेली होती.

“अहो,” दुकानदार आतून म्हणाला, “पुस्तकात लिहू नका. आता घ्यावं लागेल.”

मी ते घेतले. घरी फळीवर ते दुसऱ्या प्रतीशेजारी ठेवले, कागदात न गुंडाळता.